पेशींना नाव विचारू नये

नेट-जेआरएफ निघाली आणि पेशीजीवशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला, अभिनंदन! ‘डॉक्टर होणार’ असं घरी सांगून झालंच असेल. तेव्हा मावशी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आली, तर तो गंभीर चेहऱ्यानं उजेडात धरायला शिकून घ्या. जानेवारी 2023 पासून जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या या छात्रवृत्तीला, महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. ते दर महिन्याला मिळतं, असा मात्र समज करून घेऊ नका.

पहिल्याच आठवड्यात सिनिअर तुमच्या हातात एक फ्लास्क ठेवेल. त्यावर मार्करनं पेशींचं नाव आणि पुढे पासेज क्रमांक, म्हणजे पेशी आजवर किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा, असेल. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुसून त्यातलं ‘पी’ तेवढं उरलेलं असेल. या पेशी आल्या कुठून, हे विचारू नका. सिनिअरला त्याच्या सिनिअरनं दिल्या, त्याला मुंबईच्या मैत्रिणीनं. तिनं फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियानं, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवानं, भरून, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळून, डेक्कन क्वीनमध्ये मांडीवर धरून आणला होता. एवढी मायेची वस्तू, तिची कागदपत्रं मागणं बरं दिसतं का? एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेचं पेशीभांडार पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात आहे. पण तिथे अर्ज करायचा, पैसे भरायचे, वर नोंद ठेवायची... आणि एवढं करून मिळतं काय, तर नेमक्या हव्या त्याच पेशी.

इतिहास वाचायचाच असेल तर अर्धा वाचा. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या. बाईंना कुणी विचारलं नाही. बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी मात्र ‘हेला’ या नावानं आजही वाढताहेत. इथं पुस्तक मिटा. पुढच्या पानावर 1966 सालचे स्टॅन्ले गार्टलर आहेत. वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वाढवल्या जाणाऱ्या कितीतरी पेशी प्रत्यक्षात हेलाच आहेत, असं त्यांनी भर परिषदेत दाखवून दिलं. हेला फार जोमानं वाढतात. पिपेटमधून एक थेंब इकडचा तिकडे गेला, की थोड्याच दिवसांत मूळच्या पेशी संपतात आणि फ्लास्कवरचं नाव तेवढं उरतं. स्वरयंत्राच्या म्हणून वापरलेल्या हेप-2 पेशी अशाच हेला निघाल्या. एमडीए-एमबी-435 ची गोष्ट तर आणखी बहारदार आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी म्हणून त्यांच्यावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघाले आणि त्या निघाल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या. निबंध आहेत तिथेच आहेत, लोक त्यांचे दाखलेही देतात. बढत्या झाल्या त्या झाल्याच.

म्हणून सांगतो, खाजवून खरूज काढू नका. पोलीस ज्या एसटीआर या डीएनए तपासणीच्या तंत्रानं माणूस ओळखतात, त्यानंच पेशीही ओळखता येतात. हल्ली काही नियतकालिकं तसा दाखलाही मागतात. त्यांना ‘अमुक प्रयोगशाळेकडून सप्रेम भेट’ असं कळवा. भेटीची किंमत विचारू नये, एवढी रीत संपादकांनाही माहीत असते.

मायकोप्लाझ्माच्या बाबतीतही हेच धोरण ठेवा. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे तुमचं पेनिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त जरा मरगळून वेगळ्या वागतात. त्या वेगळेपणावरच तर तुमचा प्रबंध उभा राहायचा आहे! डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं रंगवल्यावर केंद्रकाभोवती निळे बारीक ठिपके दिसले, तर त्याला ‘बॅकग्राउंड’ म्हणा आणि ब्राइटनेस कमी करा. पीसीआरनं एका दुपारीत खात्री होते खरी, पण मग सगळा इन्क्युबेटर रिकामा करावा लागतो आणि गाईडच्या केबिनमध्ये कुणालातरी जावं लागतं.

बाकी दिवस आपोआप जातात. हेला साधारण चोवीस तासांत दुप्पट होतात, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. काम अडलंच तर ‘अँटिबॉडी कस्टम्समध्ये आहे’ हे सांगून ठेवा, खरंही असतं बहुतेकदा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून थेट 150 टक्क्यांवर नेलं होतं. ओरड झाली आणि संशोधनासाठी ते पंधरवड्याच्या आत पुन्हा 10 टक्क्यांवर आलं. एवढ्या भांडवलावर एक लॅब मीटिंग सहज निघते.

व्हायव्हाची, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचीही भीती बाळगू नका. बाहेरचे परीक्षक आकृती सातमधल्या स्केल बारवर अर्धा तास बोलतील. पेशींची ओळख पटवली होती का, हे विचारणार नाहीत, कारण त्यांच्या इन्क्युबेटरमध्येही तीच भावकी नांदते आहे. समोसे खाऊन झाल्यावर ते तुम्हाला हळूच बाजूला घेतील आणि त्या पेशींची एखादी व्हायल मिळेल का, असं विचारतील. दोन द्या, आणि पोस्टडॉकसाठी शिफारसपत्राचं तिथल्या तिथं बोलून घ्या.