दुप्पट म्हणजे किती?

लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते घाबरतात, असा सूर असलेला एक लेख वाचला; तो सूर काही पटला नाही. बऱ्याचदा सांगणाऱ्यानेच अर्धं सांगितलेलं असतं. ब्रिटनमधलं १९९५ सालचं प्रकरण बघा. नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने दिला. आकडा खोटा नव्हता. पण दुप्पट म्हणजे साधारण ७,००० बायकांमागे एकीऐवजी दोघींना, हे मागेच राहिलं. अनेकींनी धास्तीने गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. वर, गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! यात बायकांचं अज्ञान कुठे आलं? हाती आलेल्या माहितीवर त्या शहाण्यासारख्याच वागल्या.

औषधाचे फायदे सांगतानाही हीच गंमत. हजारात दोघांऐवजी एकच जण दगावला की मथळा ‘धोका निम्म्याने कमी’. दुष्परिणाम मात्र ‘हजारात फक्त एकाला’. एकाच बातमीत दोन मापं! संपादकांनी टक्क्याशेजारी मूळ आकडा छापायची सक्ती करावी. वाचकांच्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचं मग सावकाश बघू.