ऑगस्टसचा साधेपणा
पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्यावरचा लेख आवडला, पण त्याला ‘साधा माणूस’ ठरवून लेखक मोकळे झाले, ते काही पटलं नाही. जाडीभरडी पोळी, छोटे मासे, हिरवी अंजिरं, घरच्या बायकांनी विणलेले कपडे, ४० वर्षं झोपायला तीच खोली... रोमन चरित्रकार सुएटोनियसने हे लिहिलंय खरं. पण हे लोकांना दिसणंही गरजेचं होतं. राजा व्हायला निघाल्याच्या संशयावरून ज्युलियस सीझरला इ.स.पू. ४४ मध्ये सिनेटच्या, म्हणजे रोमच्या उमराव-सभेच्या, भर बैठकीत भोसकलं होतं. त्याच्या बहिणीचा हा नातू ते कसं विसरेल? म्हणून राजा ही पदवी नको, इ.स.पू. २३ मध्ये कॉन्सल हे रोममधलं सर्वोच्च निवडून द्यायचं पदही सोडलं. सैन्य मात्र हातात, ट्रिब्यूनचे (सामान्य लोकांच्या वतीने निर्णय रोखू शकणाऱ्या अधिकाऱ्याचे) अधिकार हातात, आणि धान्याचं कोठार असलेल्या इजिप्तमध्ये त्याच्या परवानगीशिवाय सिनेटरने पाऊलही टाकायचं नाही!

घरात तर विचारूच नका. लिव्हियाशी लग्न केलं तेव्हा ती पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती. पुढे यानेच व्यभिचाराविरुद्ध कायदे केले आणि इ.स.पू. २ मध्ये एकुलत्या एक मुलीला, ज्युलियाला, त्याच आरोपाखाली पांडाटेरिया बेटावर धाडलं. तिथे तिला वाइनसुद्धा बंद. पुढचा लेख ज्युलियावर येऊ द्या.