मोजणीत न धरलेला डोंगर

पाय अजून ठणकतायत, पण पायांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या पेन्सिलवाल्या गृहस्थाबद्दल.

स्कॉटलंडात ग्लेन नेव्हिसच्या खोऱ्यात रिंग ऑफ स्टॉल म्हणून एक वाट आहे. मामोर रांगेतले डोंगर माथ्यामाथ्याने पालथे घालायचे आणि गोल फिरून खाली यायचं. सुमारे 16 किलोमीटर. ग्लासगोला नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, सह्याद्रीत जन्म गेला तुझा, तुला काय त्याचं!" सुरुवातीलाच नदीवर पूल म्हणून तीन तारा. एकीवर पाय, दोन हातांत. आणि हात मोकळे नाहीत हे बरोबर हेरून तोंडावर बसणारी मिज नावाची चिलटं. मग चढ, वारा, सुरीच्या पात्यासारखी धार, उतार, परत चढ. ते जाऊ दे.

अम बोडाख उतरून स्गूर अन यूवर गाठला. उंची 1001 मीटर. माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लावला आणि ओरडलो, "चौथा!"

"तिसरा," राशीमागून आवाज आला.

वाऱ्याला पाठ करून एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. थर्मास, गुडघ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली यादी, पिशवीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब, पडतो की नाही अशा बेतात.

"हा मुनरो नाही," ते म्हणाले.

मुनरो म्हणजे तिथले 3000 फुटांवरचे डोंगर. सर ह्यू मुनरो यांनी 1891 साली त्यांची यादी छापली. सध्या त्यात 282 आहेत, आणि ते सगळे चढून होईपर्यंत तिकडच्या काही लोकांना झोप लागत नाही.

"का? हा 3000 फूट नाही?"

"3284 आहे."

"मग?"

"1981 साली घेतला होता. 1997 साली काढला."

"काढला म्हणजे? खचला का मधल्या काळात?"

"नाही. शेजाऱ्यांपासून पुरेसा वेगळा नाही."

"पुरेसा म्हणजे किती?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मला विचारलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. मग शांतपणे म्हणाले, "तसं काही ठरलेलं नाही."

म्हणजे निकष नाही, तरी नाव वगळलं! स्कॉटलंडला गेलो तरी आपली कचेरी काही सुटत नाही. बरं, खुद्द मुनरोसाहेबांची कथा काय? 1919 साली वारले, स्वतःची यादी पुरी न करता. एक डोंगर त्यांनी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला होता. तो राहिलाच, आणि 1981 साली तोही यादीतून उडवला. यादी सर्वांत आधी पुरी करणारे पाद्री रॉबर्टसन, साल 1901. त्यांच्याही नावावर शंका: पाऊस होता म्हणून बेन वायव्हिसच्या अगदी माथ्यावर ते गेलेच नाहीत म्हणे. अरे, पाऊस होता ना? मग सोडा ना त्या बिचाऱ्याला!

मला राग आला. म्हटलं, "आमचं कळसूबाई 1646 मीटर आहे. तो समोरचा तुमचा सगळ्यात उंच बेन नेव्हिस 1345."

"चढायला सुरुवात किती उंचीवरून?"

बारी गाव मुळातच चांगलं उंचावर बसलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. शिवाय तिथे वर लिंबू सरबत मिळतं, हेही गिळलं.

"आणि तुम्ही इथे कशाला बसलाय," मी विचारलं, "हा धरतच नाहीत तर?"

इथे गृहस्थ जरा खुलले. पिशवीतून यादी काढली. जुनी आवृत्ती. या डोंगराच्या नावापुढे बरोबरची खूण, खोडलेली. तिच्यावर दुसरी, तीही खोडलेली. खोडरबराने घासून घासून कागद इतका पातळ झाला होता की आरपार दगड दिसत होता.

"यादी बदलत असते," ते म्हणाले. "उद्या परत घेतला तर? जुनी खूण मी खोडलीय, नवी हवी. आणि तेव्हा माझे गुडघे असतील याची खात्री काय?"

"मग आज खूण करणार?"

"छे! तो मुनरो कुठे आहे?"

यावर बोलायचं काय? पुढे डेव्हिल्स रिज म्हणतात ती धार होती. ती मी रागाच्या भरात पार केली, त्यामुळे भीतीला वेळच मिळाला नाही. मग स्गूर अ व्हाइम, 1099 मीटर, आणि तिथून जवळजवळ 1000 मीटरचा उतार, सरळ गुडघ्यांच्या वाटीत.

गाडीत बसल्यावर भाच्याने मोबाइल काढला आणि टिकटिक करत चार खुणा केल्या.

"पाचवा कुठाय?"

"तो ॲपमध्ये नाही, मामा."

"हाताने लिही."

"तसं लिहिता येत नाही रे."

"मग मी तिथे चढलो ते काय?"

"वाटेत लागला, असं धर."

पेट्रोल याच मामाने भरलं होतं. तेवढं मात्र त्याच्या दुसऱ्या एका ॲपमध्ये बरोबर धरलं गेलं, निम्मं निम्मं.