पाच मिनिटं गप्प बसा

आरोग्य सेविका ताई आमच्या मजल्यावर आल्या तेव्हा मी गॅलरीत बनियनवर उभा राहून दात घासत होतो. लालबागच्या चाळीत यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायची वेळ नंतर आली. ताईंनी फॉर्म काढला आणि तिशीच्या पुढच्या सगळ्यांना विचारतात ते प्रश्न सुरू केले. तंबाखू? दारू? आईवडिलांपैकी कुणाला बीपी, शुगर? आठवड्यात दीडशे मिनिटं व्यायाम होतो का? मी करी रोड स्टेशनच्या जिन्याचा उल्लेख करून पाहिला. त्यांनी ‘नाही’वर खूण केली आणि पिशवीतून टेप काढली.

शिंप्याकडे कंबर मोजताना आपण पोट आत घेतो आणि शिंपीही माणुसकी म्हणून ते बघत नाही. ताई म्हणाल्या, “काका, श्वास सोडा.” सोडला. “सत्त्याण्णव!” हा आकडा त्यांनी फॉर्मवर लिहिण्याआधी नळापाशी कळशी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना पोचला होता. पुरुषांना नव्वद सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, शंभरपर्यंत एक, त्यापुढे दोन. घरात आईवडिलांना बीपी असेल तर आणखी दोन. व्यायाम नाही, त्याचा एक. वयाचे गुण वेगळे. शाळेत जे गुण हातापाया पडून मिळाले नाहीत ते इथे नुसतं उभं राहून मिळत होते. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला जायचं. मी पहिल्या फटक्यात पास झालो.

“दवाखान्यात येऊन जा हां काका, पैसे लागत नाहीत,” असं म्हणून ताई पुढच्या दाराकडे वळल्या. त्यांचं काम झालं आणि चाळीचं सुरू झालं.

पहिले आले कोपऱ्यातल्या खोलीतले नाना. केईएम हॉस्पिटल १९२६ सालचं. नानांचा वैद्यकीय अनुभव त्याच्याही आधीचा असावा, असा त्यांचा सूर असतो. “अनशापोटी दुधीचा रस. केईएमची पायरी चढायला लागणार नाही.” शेजारच्या वहिनींनी रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी वाटीतून आणून दिले, शुगरसाठी. माझी शुगर तोवर कुणी तपासलीही नव्हती. मालवणच्या मामींनी मीठ बंद करायला सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, “पण सुक्या बांगड्याशिवाय पेज गळ्याखाली उतरता काय?”

मिठाबद्दल दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. पण ही मंडळी लालबागमध्ये राहत नाहीत. आमच्याकडे चिवड्याची आख्खी गल्ली आहे. ऑफिसातून घरी येताना तिथून नाक दाबून जावं लागतं. आणि आपण वरून घेतो ते मीठ चिमूटभरच; बाकीचं भाजी-आमटी, पापड, लोणचं, फरसाण, खारी आणि पावातून आधीच पोटात गेलेलं असतं. वहिनींनी त्यावर तोडगा काढला : सैंधव. “ते उपासाला चालतं ना, मग बीपीला का नाही चालणार?” उपासाची गोष्ट देवाशी असते, तो सांभाळून घेतो. सैंधवातही सोडियम जवळजवळ तेवढंच. शिवाय साध्या मिठात घातलेलं आयोडीन त्यात बहुतेक नसतंच.

तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा दहा हजार पावलांचा भक्त. रात्री साडेअकरा वाजता मोबाईलवर नऊ हजार दोनशे दिसले की तो उरलेली आठशे गॅलरीत टाकतो, आणि आमच्या लाकडी गॅलरीत एकाने व्यायाम केला की वीस जणांची झोप जाते. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “अंकल, तुम्ही किती चालता?” मी विषय बदलला.

आठ ग्लास पाण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या एका समितीने १९४५ साली दिवसाला अडीच लिटर पाणी पुरेसं असं लिहिलं आणि लगेच पुढे म्हटलं की त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य कुणी वाचलं नाही. ज्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे त्यांनी खुशाल आठ ग्लास प्यावं. आमच्याकडे मजल्याच्या टोकाला चार, त्यातल्या एकाची कडी तुटलेली. सकाळी साडेसहाला तिथे रांगेत उभं राहून बीपी मोजलं तर यंत्र फुटेल.

शेवटी कंटाळून दवाखान्यात गेलो. २०२२ पासून महापालिकेने संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारे ‘आपला दवाखाना’ काढले, ते नोकरदारांची सोय म्हणून. पण मला बायकोने सकाळच्याच दवाखान्यात पिटाळलं, कारण संध्याकाळी मी चिवड्याच्या गल्लीतून येतो. रांगेत माझ्या आधी बसलेल्या गृहस्थांनी मला जवसाबद्दल सांगितलं, नंतरच्या बाईंनी कांद्याच्या रसाबद्दल. माझा नंबर आला तोवर मी चार पदार्थ सोडले होते आणि सहा धरले होते.

डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. पट्टा दंडावर चढला, फुगला, सुटला. १५८/९६.

“धावत आलात?”

“नंबर जाईल म्हणून जरा...”

“चहा?”

“आत्ताच. बाहेर. अर्धाच.”

“पाच मिनिटं तिथे बसा. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. बोलू नका.”

“मी कुठे बोलतोय?”

पाच मिनिटांनी १४८/९२. घाबरायचं कारण नाही, पण सोडूनही द्यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. एका दिवसाच्या आकड्यावरून कुणाला पेशंट ठरवत नाहीत. घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहायचं. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवी तुंबवून बसायचं नाही, दंड छातीच्या पातळीला टेबलावर ठेवायचा आणि पाच मिनिटं गप्प. नुसतं बोललं तरी आकडा दहाएकाने वर चढू शकतो. मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला. दुधीबद्दल मी मुद्दाम विचारलं. “भाजी करून खा. रस कडू लागला तर थुंकून टाका. कडू दुधी विषारी असू शकतो, त्याने लोक दगावलेत.” बाकी काही नाही. एवढा तोकडा सल्ला मला त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

भाच्याने यंत्र आणून दिलं. सोपं आहे, बटण दाबायचं. अवघड आहेत ती पाच मिनिटं. दहा बाय बाराच्या खोलीत, उघड्या दाराशी, एक माणूस पाठ टेकून, पाय जुळवून, काही न बोलता बसलाय, हे दृश्य चाळीला सहन होत नाही. पहिल्या सकाळी वहिनी डोकावल्या. “भावोजी, गप्पसे? भांडण झालं का?” मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन बायकोची समजूत काढली. दुसऱ्यांदा मेहुण्याचा फोन आला. मी उचलला नाही तर त्याने नानांना फोन करून माझी खुशाली विचारली. संध्याकाळी चौथ्या मिनिटाला कुणीतरी “पाणी आलं!” असं ओरडलं, आणि लालबागमध्ये ही हाक ऐकून बसून राहणारा माणूस अजून जन्मायचाय. दारच लावून घेतलं तर ते वाजवून नाना म्हणाले, “दार लावून काय करतोस? छातीत दुखतंय का?” मग ते समोरच बसले आणि पट्टा सुटताना पडणारे आकडे रॉकेट सोडल्यासारखे मोठ्याने मोजू लागले. “एकशे सत्तर... एकशे साठ... घाबरू नकोस... एकशे बावन्न...”

वही बायकोकडे होती. तिचं अक्षर चांगलं. तारीख, वेळ, वरचा, खालचा, असे रकाने आखून तिने पाचवा रकाना स्वतःच्या बुद्धीने घातला : ‘कारण’. त्यात नोंदी अशा : ‘पाणी आलं.’ ‘नाना.’ ‘दादाचा फोन, उगाच चिडले.’ ‘कोहली आउट.’ ‘नाना.’ एका रविवारी दुपारी १२६/८० आला होता. त्यासमोर लिहिलं होतं : ‘मी माहेरी.’

डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली. शेवटच्या नोंदीला ओठ दाबले. मग म्हणाल्या, “गोळी आत्ता नको, तीन महिने चाला, मीठ सांभाळा, मग बघू. मॅडम, तुमचं कधी मोजलंय?”

“मला काय धाड भरलीय? यांच्यासोबत आलेय मी.”

“बसा तर.”

१६२/९८.

बायकोने यंत्राकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे, जणू मी फुंकलं होतं. “पाच मिनिटं कुठे बसले मी? सकाळपासून पायावर आहे. आणि मला बोलायला लावलं तुम्ही.” तिला पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी फार उतरलं नाही. मागच्या बाकावरच्या काकू पुढे झुकल्या. “ताई, दुधीचा रस घेऊन बघा.”

वही आता दोन्ही बाजूंनी चालू आहे. पुढून मी, मागून ती. ‘कारण’ हा रकाना तिच्या बाजूला मी भरतो, त्यावरून वाद होतात आणि ते मग माझ्या बाजूच्या रकान्यात येतात. पाठ टेकता येईल अशी खुर्ची घरात एकच. चाळीत बातमी फुटल्यापासून वहिनी आणि मामीही मोजायला येतात, तेव्हा सकाळी सातला त्या खुर्चीसाठी नंबर लागतो. नंबर नाना देतात.