परत तेच, जात जुळत नाही!

अरे यार किती वेळा! कॉम्प्युटरवरच्या राज्य चालवायच्या गेममध्ये ठाण्याचं शिलाहार राजघराणं घेऊन इ.स. १०६६ पासून खेळतोय, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचल्यावर जेमतेम दोन तास मिळतात, त्यात एक किल्ला जिंकला, चार लढाया मारून दिलेल्या माझ्या सेनापतीला तो द्यायला जातो तर बटण बंद, का तर म्हणे जात जुळत नाही. ब्राह्मणाला देऊळ, वैश्याला शहर, किल्ला फक्त क्षत्रियाला. खऱ्या इतिहासात असं कुठे होतं? कदंब राजघराण्याचा मयूरशर्मा कांचीला वेद शिकायला गेलेला ब्राह्मण, त्यानेच चौथ्या शतकात राज्य उभं केलं ना! आणि नंतरच्या काळातले मल्हारराव होळकर, धनगराच्या घरातले, माळव्याची सुभेदारी मिळवली त्यांनी. गेममध्ये मला मात्र किल्ला द्यावा लागला एका बिनकामाच्या पोराला, दोन वर्षांत बंड केलं त्याने.