पाच विजेतेपदांनंतरचा फिन्नुर

आइसलँडच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की फिन्नुर फ्रेयर स्टेफानसन या प्रशिक्षकांची ओळख बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते : रेक्याविकच्या के.आर. क्लबला त्यांनी २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्याच्या पाठोपाठ आक्षेपही ऐकू येतो, की संघच इतका तगडा होता की प्रशिक्षकाच्या बाकावर कोणीही बसले असते तरी तो जिंकला असता. या आक्षेपाला बळ देणारी गोष्टही घडली आहे. फिन्नुर २०१८ मध्ये बाजूला झाले आणि २०१९ मध्ये इंगी थोर स्टेइनथोर्सन यांच्या हाताखाली त्याच के.आर.ने सलग सहावे विजेतेपद पटकावले.

मला हा आक्षेप साफ खोटा वाटत नाही. पावेल एर्मोलिन्स्की, ब्रिनयार थोर ब्योर्नसन आणि पुढे परदेशातली कारकीर्द आटोपून २०१६ मध्ये परतलेले जोन आर्नोर स्टेफानसन असे खेळाडू एका छोट्या देशात एकाच संघाकडे असतील, तर प्रतिस्पर्ध्यांची दमछाक होणारच. (नावातले साम्य पाहून फिन्नुर आणि जोन आर्नोर यांना भाऊ समजू नये, स्टेफानसन म्हणजे स्टेफानचा मुलगा, इतकाच त्याचा अर्थ, आणि तिथे माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात.) पण तगडा संघ आपोआप जिंकत नाही, हेही त्याच काळात दिसले. २०१७ च्या पाच सामन्यांच्या अंतिम मालिकेत के.आर.ने ग्रिंडाविकविरुद्ध पहिले दोन सामने जिंकले, पुढचे दोन गमावले आणि मालिका २-२ अशी बरोबरीत आली. हातातली मालिका निसटत असताना पाचव्या सामन्यात त्यांनी ९५-५६ असा विजय मिळवला. सलग दोन पराभवांनंतर घाबरलेला संघ ३९ गुणांनी जिंकत नाही; चौथ्या आणि पाचव्या सामन्याच्या मधल्या दिवसांत कोणीतरी त्या खेळाडूंचे चित्त थाऱ्यावर आणले होते, असेच मी मानतो.

याच वर्षांत ते राष्ट्रीय संघात मुख्य प्रशिक्षक क्रेग पेडरसन यांचे सहायक होते. २०१५ मध्ये आइसलँड प्रथमच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरला. बर्लिनमधल्या गटात जर्मनी, इटली, सर्बिया, स्पेन आणि तुर्कस्तान होते आणि पाचही सामने आइसलँडने गमावले, तरी तुर्कस्तानला त्यांनी अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजवले.

मात्र फिन्नुर यांचा खरा कस पुढे लागला. डेन्मार्कमधल्या होर्सन्स क्लबकडे एक हंगाम काढून ते २०२० मध्ये मायदेशी परतले, ते वालुर क्लबचे प्रशिक्षक म्हणून. के.आर. आणि वालुर हे एकाच शहरातले जुने प्रतिस्पर्धी. ज्या क्लबात आपण घडलो त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसणे सोपे नसते. पावेल आदल्या वर्षीच वालुरकडे गेले होते. आता के.आर.मधूनच जोन आर्नोर आणि क्रिस्टोफर अकॉक्सही आले. इथे आक्षेप घेणारे म्हणतील की त्यांनी जुनाच संघ नव्या क्लबात मांडला. पण पहिल्याच हंगामात, २०२१ मध्ये, प्ले-ऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत या वालुरला के.आर.नेच ३-२ असे घरी पाठवले. नावे जमवून संघ उभा राहत नाही, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. पुढच्या वर्षी टिंडास्टोल या छोट्या गावच्या क्लबला पाच सामन्यांत हरवून वालुरने विजेतेपद मिळवले. याआधी हा क्लब १९८३ मध्ये जिंकला होता.

आणि मग २०२३. अंतिम फेरीत पुन्हा टिंडास्टोल, पुन्हा पाचवा सामना, तोही वालुरच्या घरच्या मैदानावर. फरक एवढाच, की टिंडास्टोलच्या बाकावर आता प्रशिक्षक म्हणून पावेल होते, म्हणजे ज्यांनी फिन्नुर यांच्या हाताखाली एवढी विजेतेपदे जिंकली तेच. अखेरच्या सेकंदांत वालुर दोन गुणांनी पुढे असताना टिंडास्टोलच्या कीशॉन वुड्सवर तीन गुणांचा फटका मारताना फाउल झाला. तीन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे फटके. अशा वेळी प्रशिक्षकाच्या हातात काहीच उरत नाही. सगळे खेळाडू थिजलेले, गर्दीचा कल्लोळ, आणि रेषेवर एकटा माणूस. पहिला गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. ८२-८१. टिंडास्टोलचे ते पहिलेच विजेतेपद होते आणि त्या छोट्या गावाच्या आनंदात कोणालाही वाईट वाटू नये इतका तो निखळ होता. तरीही मी ते फ्री थ्रो जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा माझे लक्ष हरलेल्या बाकाकडेच जाते.

याच वर्षी के.आर.ची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली. सलग सहा वेळा जिंकलेला क्लब चार वर्षांत खाली येऊ शकतो, म्हणून ‘कोणीही बसले असते तरी’ हे वाक्य मला फार हलके वाटते.

२०२४ मध्ये वालुर सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरीत आला. समोर ग्रिंडाविक होते, ज्यांचे गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये भूकंप आणि ज्वालामुखीच्या धोक्यामुळे रिकामे करावे लागले होते आणि जे घरचे सामने कोपावोगुरच्या उसन्या मैदानावर खेळत होते. साऱ्या देशाचा जीव त्यांच्यात गुंतला होता आणि ते रास्तच होते. ही मालिकाही पाचव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सामन्याच्या अगदी सुरुवातीलाच क्रिस्टोफर अकॉक्स जखमी होऊन बाहेर गेला. संघाचा कणा गेला, सगळी आखणी मोडली, आदल्या वर्षीच्या एका गुणाची सल मनात, आणि मैदानाबाहेरचा सारा देश दुसऱ्या बाजूला. त्या उरलेल्या वेळात फिन्नुर यांनी जो संघ खेळवला, तो कागदावर कोणी आखलेला नव्हता. वालुर तो सामना जिंकला.