दुपारचे ११ आणि पहाटेचे १.८

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ओढ्याचं पाणी आरपार दिसतं, त्यात मासे आहेत आणि दुपारी अडीचला तुम्ही स्वतः मीटर बुडवला तेव्हा विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम भरला. मग ‘ओढा मेला’ असं लिहून मी लोकांना उगाच का घाबरवते?

‘मेला’ हा शब्द चुकलाच. तो मागे घेते. पण ओढा धडधाकट आहे हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच आकड्यात आहे.

पाण्याचं तापमान तुम्ही ३० अंश दिलंय. इतक्या कोमट पाण्यात हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. वरचे साडेतीन आले शेवाळातून. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आणि ते एवढं माजतं सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. अंधार पडला की ऑक्सिजन तयार होणं थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचाच चालू राहतो: शेवाळाचा, माशांचा, गाळ कुजवणाऱ्या जिवाणूंचा. म्हणून सगळ्यात कठीण वेळ उजाडायच्या जरा आधीची. त्याच जागी पहाटे साडेपाचला मला १.८ मिळाला. तुमचा ११ खोटा नाही, पण माशाला रात्रही त्याच पाण्यात काढायची असते.

आणि ते मासे गप्पी आहेत. पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात हवेतला ऑक्सिजन मिसळत असतो, तेवढ्यावर ते निभावून नेतात. पहाटे त्यांची तोंडं वर लागलेली दिसतात. मला ते बघवत नाही.

त्यापेक्षा पुलाखालचे दगड उलटून बघा. वाहत्या, निरोगी पाण्यात दगडाला चिकटलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं सापडतात, बहुतेकांना तीन शेपट्या असतात. ऑक्सिजन घटला की ती आधी जातात. मी अकरा दगड उलटले, एकही दिसलं नाही. खालच्या काळ्या गाळाला कुजक्या अंड्यांचा वास होता आणि त्यात सुतासारख्या बारीक लाल अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे तगतात.

पाण्याच्या एकाच बाटलीभर नमुन्यावरून जिवाणूंबद्दल ठाम बोलू नये, हा तुमचा आक्षेप मात्र योग्य आहे. ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूचं प्रमाण तासातासाला बदलतं आणि पावसानंतर एकदम चढतं. पुढचे नमुने वेगवेगळ्या दिवशी घेईन. पण पुलाच्या डाव्या बाजूचा पावसाच्या पाण्याचा पाइप बघितलात का? दोन आठवडे थेंबभर पाऊस नाही, तरी तो सकाळी सात ते नऊ फेसाळ वाहतो. तोंडाशी राखाडी, कापसासारखा बुळबुळीत थर धरलाय. कुणाच्या तरी घराची मोरी चुकून त्या पाइपला जोडलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. ती जोडणी शोधणं हेच आता पहिलं काम.

रविवारी पहाटे पाचला मी पुलावर असेन. तुमचा मीटर घेऊन या. दोन्ही मीटर एकाच बादलीत बुडवू, म्हणजे माझाच चुकत असेल तर तेही कळेल.